भाचीला उचलायचा मान

"पद्मजाला मीच उचलून बोहल्यावर नेणार! वाटेत थांबणार नाही, कुठे टेकणार नाही आणि धापही लागू देणार नाही!"

मोडनिंबला भाचीच्या साखरपुड्यात वेणूमामांनी ही घोषणा केली, तेव्हा त्यांच्या तोंडात पेढा होता. माणसाने तोंडात पेढा असताना घोषणा करू नये. पेढा विरघळून जातो, घोषणा मागे उरते.

वेणूमामा म्हणजे वेणीमाधवराव, सोलापूरच्या एका कापडगिरणीतले निवृत्त टाइमकीपर. राहायला भवानी पेठेत. साठी केव्हाच मागे पडली होती, पण छाती अशी काढून चालत की समोरच्याला वाटावं, यांच्या मागून बँड येतोय! त्यांच्या घराण्यात रीत अशी, की लग्नाच्या वेळी मामाने भाचीला गौरीहरापासून दोन्ही हातांवर उचलायचं आणि थेट बोहल्यावर नेऊन उभं करायचं. पूर्वी नवऱ्या एवढ्याएवढ्याशा असत, तेव्हा ही रीत सोपी होती. पुढे नवऱ्या मोठ्या झाल्या, रीत मात्र होती तेवढीच राहिली.

पद्मजाच्या थोरल्या बहिणीला मामांनी असंच नेलं होतं. तेव्हा फ्रॉक घातलेली पद्मजा मागेमागे धावत ओरडली होती, "मामा, मला पण न्यायचं हं!" मामांनी शब्द दिला होता. आता ती पद्मजा शाळेत गोळाफेकीची बक्षिसं मिळवून, मास्तरीण होऊन, चांगली अंगापिंडाने भरून समोर उभी होती.

"दादा, मी आहे की," कमलाकर हळूच म्हणाला. हा मामांचा धाकटा चुलतभाऊ. सात रस्त्याला एका कचेरीत कारकून होता. रोज जोर काढायचा आणि कुणी विचारलं नाही तरी दंड दाखवायचा. "तुमचं आता वय झालं. मान काय, आपल्याच घरात राहील."

"वय? कुणाचं वय?" मामा कडाडले. "तू टॉनिकच्या बाटलीवर पोसलेला! मी जन्मात कसली पूड खाल्ली नाही का काढा प्यायलो नाही. हा देह भाकरीवर उभा आहे, भाकरीवर!"

सगळे हसले. पद्मजाने टाळ्या वाजवल्या. मामांचे परतीचे दोर तिथेच कापले गेले.

सोलापूरला आल्यावर मामांनी दार लावून घेतलं आणि ज्वारीचं पोतं उचलून पाहिलं. पोतं गुडघ्यापर्यंत आलं. तिथे आल्यावर त्याने विचार बदलला. मामा खाली बसले आणि पोतं त्यांच्या मांडीवर बसलं. बराच वेळ दोघंही उठली नाहीत.

दुसऱ्या दिवशी मामा फिरायला म्हणून बाहेर पडले ते सात रस्त्याच्या एका डॉक्टरकडे गेले. डॉक्टरांनी दंड दाबला, मांडी दाबली, खुर्चीतून हात न टेकता उठायला सांगितलं. मामा उठले, पण खुर्चीही त्यांच्याबरोबर उठली.

"असं आहे," डॉक्टर म्हणाले, "उतारवयात स्नायू न सांगता घर सोडून जायला लागतात, भाडं थकलेला भाडेकरू जातो तसे. त्यांना थांबवायचं तर दोन गोष्टी हव्यात. पोटात प्रथिनं आणि अंगाला काम. तुम्ही जेवता काय?"

"भाकरी."

"तिच्यासोबत?"

"ठेचा."

"म्हणून खुर्ची उठली! डाळ खा, दूध घ्या, दाणे खा. शिवाय प्रथिनांची पावडर देतो, ती ताकातून रोज घ्या. पण लक्षात ठेवा, पावडर म्हणजे नुसत्या विटा. विटा आणून अंगणात टाकल्या म्हणून भिंत उभी राहत नाही. गवंडी लागतो. तो म्हणजे व्यायाम. रोज खुर्चीतून उठा, बसा, हळूहळू वजन वाढवा. कळलं?"

मामांना फक्त 'पावडर' एवढंच कळलं.

औषधाच्या दुकानदाराने डबा काढून पुढे ठेवला. डब्यावर एक प्रसन्न चेहऱ्याची बाई, तिच्या मांडीवर गुटगुटीत बाळ आणि खाली ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'गरोदर व बाळंत स्त्रियांसाठी'.

"अहो, हे काय?" मामांनी डब्यावर टोपी टाकली. "मला हवंय, मला!"

"माल तोच हो मामा! प्रथिनं ती प्रथिनंच. म्हाताऱ्यांसाठी वेगळा डबा कोण काढणार? आणि वर म्हाताऱ्याचं चित्र छापलं तर तो घेईल कोण?"

 मामांनी डबा पिशवीत घातला, वर मेथीची जुडी ठेवली आणि चोरासारखे घरी आले. आता हा लपवायचा कुठे? कपाटात शकुमामींचा हात जातो, माळ्यावर मामांचा स्वतःचा पाय जात नाही. शेवटी ज्वारीच्या पिंपात कोपरापर्यंत हात घालून डबा पुरला. दुपारी मामी भजनाला गेल्या की मामा तो उकरून काढत, दोन चमचे ताकात कालवत आणि नाक दाबून पीत. चव कशी, तर दुष्काळात वाटायचे त्या सुकडीत शाडूची माती मिसळावी तशी! पण मामा आरशात दंड बघत आणि म्हणत, "फुगला! अलबत फुगला!"

हे सुरळीत चाललं असतं, पण लग्नाच्या शिदोरीला कडक भाकरी लागणार होत्या. त्या करायचं काम शेजारच्या सोजरबाईंकडे दिलं होतं. सोजरबाईंचा हात असा, की त्यांची भाकरी महिनाभर मोडत नसे. आणि तोंड असं, की बातमी घटकाभर टिकत नसे.

"वैनी, मी घिते की जवारी मापून. तुमी बसा," म्हणत सोजरबाईंनी पिंपात माप घातलं. खट्ट! त्यांनी हात घालून डबा वर काढला. बाई पाहिली. बाळ पाहिलं. मग चुलीपुढे पाठमोऱ्या बसलेल्या शकुमामींना वरपासून खालपर्यंत पाहिलं. शकुमामींना दोन नातवंडं होती. केस पांढरे होते. पण डबा खोटं कशाला बोलेल? शिवाय लपवलाय, म्हणजे खरंच असणार! सोजरबाईंनी डबा अलगद ज्वारीत पुरला आणि घसा खाकरला.

"वैनी, जड काय उचलू नगा बरं का."

"का गं?"

"न्हाय, उगं सांगितलं. आनि पान्याला मला हाक मारत जावा."

शकुमामींना वाटलं, किती गुणाची बाई!

संध्याकाळी गल्लीत शेंगा फोडायला बायका जमल्या, तेव्हा ईरम्मांच्या कानाशी लागून सोजरबाई म्हणाल्या, "कुनाला सांगू नगा." ईरम्मांनी कुणालाच सांगितलं नाही. फक्त वाटीभर चिंच मीठ लावून शकुमामींना नेऊन दिली. शकुमामींना चिंच जन्माची प्रिय. त्यांनी उभ्या उभ्या अर्धी वाटी संपवली आणि बोटं चाटत विचारलं, "आणखी आहे का हो?"

ईरम्मा तशाच परत गेल्या आणि कपाळाला हात लावून बसल्या. आता काय शंका राहिली?

इकडे मामांना वजनाचा प्रश्न पडला होता. पोतं म्हणजे निर्जीव माल. पोतं गळ्यात हात टाकत नाही, लाजत नाही, हलत नाही. सराव करायचा तर जिवंत माणूस हवं.

"शकू, जरा इकडे ये. तुला उचलतो."

शकुमामींच्या हातातलं लाटणं पडलं. "काय झालंय तुम्हाला?"

"पद्मजासाठी! सराव नको का? स्वयंपाकघरापासून ओसरीपर्यंत. फक्त एकदा!"

"लग्न झालं तेव्हा उचललं नाहीत ते!"

"तेव्हा तुझा मामा होता की उचलायला!"

नाही होय करता करता मामी तयार झाल्या. मामांनी श्वास घेतला, 'जय बजरंग' म्हणून मामींना उचललं आणि मोठ्याने कण्हत निघाले. मामी डोळे मिटून म्हणत होत्या, "हळू हो! हळू!" असे ते ओसरीच्या उंबऱ्याशी आले आणि समोर भाकरीची पाटी घेऊन सोजरबाई उभ्या!

"अगं बया!" सोजरबाईंनी पाटी खाली ठेवली, तोंडाला पदर लावला आणि उलट्या पावली बाहेर जाऊन दारही ओढून घेतलं.

त्या दिवशी भवानी पेठेत बातमी फिरली ती अशी, "मामा बायकूला भुईवर पाऊल ठिवू देत न्हायीत! ओंजळीत धरल्यागत नेत्यात हितनं तितं!" बायकांनी आपापल्या नवऱ्यांकडे रागाने पाहिलं. गल्लीतले पुरुष मामा दिसले की उगाच नमस्कार करू लागले. मामा छाती आणखी काढून चालू लागले. त्यांना वाटलं, पावडर लागू पडली, लोकांना दंड दिसायला लागले!

अशातच शालू घ्यायला मथुताई, म्हणजे मामांच्या सख्ख्या थोरल्या भगिनी आणि पद्मजाच्या आई मथुराबाई, पद्मजाला घेऊन मोडनिंबहून आल्या. कमलाकर त्यांना एस.टी. स्टँडवरून घेऊन आला. पण घराच्या पायरीशी सोजरबाईंनी त्यांना गाठलं आणि तिथेच बातमी सांगून तोंड गोड केलं.

मथुताई घरात आल्या त्या चप्पल घालूनच.

"वेण्या!"

त्यांनी 'वेण्या' म्हटलं की मामा सात वर्षांचे होत. "काय झालं, ताई?"

"लाज वाटत नाही? नातवंडं खेळवायची सोडून हे काय मांडलंयस?"

मामांना वाटलं, पावडरीचं फुटलं. ते मान खाली घालून म्हणाले, "ताई, चूक झाली. पण पद्मजाच्या लग्नासाठीच केलं गं मी."

"लग्नासाठी?" मथुताई मटकन खाली बसल्या. "अरे, आहेर म्हणून दुसरं काही सुचलं नाही का तुला?"

तेवढ्यात शकुमामी पाण्याचा तांब्या घेऊन आल्या. मथुताईंनी धावत जाऊन तो काढून घेतला. "ठेव बाई, ठेव! तुझा काय दोष? बस तू. कितवा लागलाय?"

"काय कितवा?"

"महिना!"

शकुमामींनी नवऱ्याकडे पाहिलं, नणंदेकडे पाहिलं, मग दारात उभ्या सोजरबाईंकडे पाहिलं. आणि मग जो आवाज लावला, तो भजनातसुद्धा कधी लावला नव्हता. "माझ्याच घरात मला दिवस गेले आणि मलाच पत्ता नाही?"

"मग डबा वो?" सोजरबाईंनी पिंपात हात घालून पुरावा बाहेर काढला. बाई प्रसन्नच होती. बाळही हसतच होतं.

सगळे डब्याकडे बघत राहिले. मामा भिंतीकडे बघत राहिले.

"ते काही असो," मथुताई म्हणाल्या, "आमच्या सासरी पक्की रीत आहे. ज्याच्या बायकोला दिवस आहेत, त्याने नवरीला उचलायचं नाही. कमलाकर, तू उचलायचंस पद्मजाला."

"आता तुम्ही म्हणताच आहात तर," म्हणत कमलाकरने बाह्या सरसावल्या. त्या आधीपासूनच अर्ध्या सरसावलेल्या होत्या.

मामा कात्रीत सापडले. गप्प बसावं तर बायकोला दिवस गेलेत म्हणून मान जाणार. खरं बोलावं तर म्हातारा झाला म्हणून मान जाणार! आणि कोपऱ्यात उभी राहून पद्मजा त्यांच्याचकडे बघत होती, फ्रॉकमध्ये बघायची तशीच.

मामांनी तिसरी वाट काढून पाहिली. "तो डबा... तो सोजरबाईंच्या शेळीसाठी आणलाय."

"माज्या शेळीला?" सोजरबाई उसळल्या. "माजी शेळी भाकड हाय!"

"मामा," पद्मजा शांतपणे म्हणाली. शाळेत पोरांना विचारतात त्या आवाजात तिने विचारलं, "डबा कुणाचा?"

त्या आवाजापुढे भले भले टिकत नाहीत. "माझा," मामा म्हणाले. "मीच खातो. ताकातून."

 सोजरबाई डबा घेऊन पुढे सरकल्या. "म्हंजे... बाळंत व्हायचं कोन?"

मग मात्र जो हशा उठला, त्यात ईरम्मा धावत आल्या, त्यांच्यामागून निम्मी गल्ली आली. मामांनी सगळं सांगून टाकलं. पोतं, डॉक्टर, खुर्ची, सगळं. कमलाकर हसून हसून वाकला. "आणि मला म्हणे टॉनिकवर पोसलेला!"

मथुताई हसल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "वेणू, तुझी हौस कळते रे मला. पण भरल्या मांडवात हातातून सुटली तर? मामाने टाकलेली पोर म्हणून नाव पडेल तिला. नको. कमलाकरच उचलेल."

"आई, मी कमलाकरमामांच्या हातावर बसणार नाही," पद्मजा म्हणाली. "वेणूमामांना जमलं तर वेणूमामा, नाहीतर मी माझी चालत जाते. पाय आहेत मला."

कमलाकरने बाह्या खाली केल्या.

शेवटी ठरलं असं, की निवाडा शकुमामींनी करायचा. लग्नाच्या आधी मामा त्यांना ओसरीपर्यंत न टेकता, न कण्हता नेतील तर मान मामांचा, नाहीतर नवरी चालत येईल. आणि तो निवाडा किती कडक असणार, हे मामींच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

आता लपवायचं काहीच उरलं नाही, तेव्हा गवंडीही कामाला लागला. रोज सकाळी मामा हात न टेकता खुर्चीतून उठू-बसू लागले. दारात सोजरबाई भाकरी थापता थापता ओरडायच्या, "मामा, निम्मंच उटला! आजून वर! आजून!" शकुमामींनी ताटातला ठेचा कमी करून डाळीचा गोळा वाढवला, शेंगांची चटणी दह्यात कालवून दिली आणि ताकातली पावडर स्वतः समोर उभं राहून पाजली. आधी पाण्याची कळशी, मग धान्याचं निम्मं पोतं, मग भरलं पोतं असं करत करत मामा चढत गेले. मोडनिंबला निघायच्या आदल्या दिवशी त्यांनी मामींना उचललं आणि ओसरीपर्यंत नेऊन ठेवलं. कण्हले नाहीत.

"जमलं," शकुमामी म्हणाल्या. मग हळूच, "पुन्हा एकदा बघायचं का? नीट कळलं नाही."

लग्नाच्या दिवशी मांडव खच्चून भरला होता. भटजींनी 'मामांनी वधूला आणावे' म्हटलं आणि सगळ्यांच्या माना वळल्या. गौरीहरापाशी शालू नेसून बसलेल्या पद्मजाला मामांनी दोन्ही हातांवर घेतलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की शालूचं वजन हिशोबात धरायचं राहून गेलंय! वर मुंडावळ्या, हार, हिरवा चुडा! पहिली पावलं झोकात पडली. मग बोहलं जवळ यायच्या ऐवजी मागे मागे सरकू लागलं. मामांचा चेहरा कुंकवाच्या रंगाचा झाला.

"मामा, खाली ठेवा. चालते मी," पद्मजा कानात कुजबुजली. "शालू लांब आहे, कळणार नाही कुणाला."

"गप्प... बस," मामा दातांवर दात ठेवून म्हणाले. "आणि... श्वास... कमी घे."

पद्मजाने श्वासच धरला. मामा एक एक पाऊल टाकत गेले आणि बोहल्यावरच्या पाटावर त्यांनी भाचीला फूल ठेवावं तसं उभं केलं. मांडवात टाळ्या कडाडल्या. मथुताईंनी डोळ्यांना पदर लावला. कमलाकरनेसुद्धा टाळ्या वाजवल्या, जरा सावकाश वाजवल्या, पण वाजवल्या. पद्मजा सगळ्यांदेखत वाकून मामांच्या पाया पडली. मामा इतके फुगले, की सदऱ्याचं बटण तुटायचं राहिलं.

अक्षता पडल्या, बँड वाजला. मामा सगळ्यांचे मानाचे नमस्कार घेत हिंडत होते. तेवढ्यात विहीणबाई कौतुकाने जवळ आल्या.

"मामा, ताकद बघून धन्य झालो बघा आम्ही! आता एवढं एक करा. आमच्या घरात नवरदेवाला खांद्यावर बसवून मारुतीच्या दर्शनाला न्यायची पद्धत आहे. खरं तर हे नवरदेवाच्या मामाचं, म्हणजे आमच्या दादाचं काम, पण त्याची कंबर धरलीय. तुमच्यासारखा गडी असताना आम्ही दुसऱ्या कुणाला कशाला सांगायचं?"

मामांनी इतके दिवस फक्त भाचीचा विचार केला होता. जावयाकडे त्यांनी आता पहिल्यांदाच नीट पाहिलं. जावई साखर कारखान्यात नोकरीला होता, आणि दिसायला कारखान्यातल्या पोत्यांच्या थप्पीसारखा होता.

"मारुती कुठे आहे?" मामांनी क्षीण आवाजात विचारलं.

"हे काय, वेशीपाशी! जवळच की!"

मामांनी मांडवभर नजर टाकली. "कमलाकर! अरे कमलाकर! सगळे मान मोठ्यांनीच घ्यायचे हे बरं दिसत नाही. पुढे ये, बाळा!"

कमलाकर पहिल्या पंगतीत बसलेला होता. त्याने 'मारुती' हा शब्द ऐकताच घाईघाईने वरणात हात बुडवला आणि तो वर करून दाखवला. "दादा, आलो असतो की! पण हात उष्टे झाले. उष्ट्या हाताने जावयाला कसं शिवायचं?"

मामांनी एकदा कमलाकरच्या हाताकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं. कमलाकरच्या शेजारचा पाट रिकामा होता. विहीणबाई नवरदेवाला बोलवायला वळल्या, तेवढ्यात मामा त्या पाटावर जाऊन बसले, आणि वाढणारा पोचण्याआधीच त्यांनी कमलाकरच्या पानातल्या वरणात आपलेही हात मनगटापर्यंत बुडवले.

"अहो, हे काय?" आमटी वाढायला आलेल्या शकुमामी खाली वाकून पुटपुटल्या. "विहीणबाई थांबल्यात तिकडे! पंगत उठली की काय करणार?"

"पंगत उठू दे," मामा भात कालवत म्हणाले. "मी दुसऱ्या पंगतीलाही इथेच आहे. आणि खरं सांगू, शकू? तसंही आता मला उठता येईलसं वाटत नाही."